कोतवाल दोन, खाटीक एक

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, मोठा दुष्काळ सरल्यानंतरच्या पहिल्या श्रावणात, एका रविवारी सकाळी सात वाजता, कर्जत तालुक्यातल्या एका चावडीसमोर दोन कोतवाल, एक खाटीक, तीन परीट, एक सुतार, एक शिंपी आणि एक वेडा राघू असे सर्व जण वनखात्याच्या लेखी आदेशावरून रांगेत उभे होते. सगळ्यांनी धुतलेले कपडे घातले होते. आदेशाखाली सही माझी होती.

मी जीपमध्ये मागे बसलो होतो. पुढे कॉन्झर्व्हेटर साहेब, म्हणजे माझ्या साहेबांच्या साहेबांचेही साहेब. माझ्या शेजारी त्यांच्या बाईसाहेब, गळ्यात दुर्बीण.

"हे काय आहे?" साहेबांनी रांगेकडे बघत विचारलं.

"पक्षी आहेत, सर," मी म्हणालो.

तोंडातून गेलं खरं. आता खुलासा करतो.

मी तेव्हा त्या भागात वनपाल होतो. माझ्याकडे एक कुरण होतं. कुरण म्हणजे खात्यानं गवतासाठी राखलेला माळ. त्यावर झाड औषधालाही नाही, आणि खात्याच्या नकाशात जिथे झाड नाही ती जागा ओसाड. म्हणून तिथे खड्डे घेऊन रोपं लावायची, असा हुकूम आला होता. माझं म्हणणं होतं, माळ ओसाड नाही, तिथे माळढोक राहतो. हा पक्षी कमरेइतका उंच, वजनाला चांगला भरभक्कम, आणि त्याला लागतो मोकळा माळ. झाडं आली की तो गेला. मी तसं तीनदा लिहून कळवलं. चौथ्यांदा साहेबांनी नगरला बोलावून घेतलं.

"तुमचा तो पक्षी मला दाखवा. दिसला तर खड्डे थांबवतो. नाही दिसला तर सोमवारी कुदळ लागेल, आणि पहिला खड्डा तुम्ही खणायचा."

बाईसाहेबांना पक्ष्यांचा नाद होता. लहानपण कच्छात गेलेलं, वडील तिकडे मिठाच्या खात्यात. त्या म्हणाल्या, "मीही येणार. तिकडे पांढरं रण आणि वाळवंटी गवत असायचं. तुमच्याकडे काय आहे?"

"मीठ जरा कमी आहे," मी म्हणालो. "बाकी सगळं आहे."

तर मी या दोघांचा गाइड. सकाळी गावाजवळचे छोटे पक्षी दाखवायचे, मग माळढोक, असा प्रोग्रॅम ठरवला. कुठला पक्षी कुठे बसतो हे गावकऱ्यांनी हेरून ठेवावं म्हणून सरपंच सर्जेरावांना चिठ्ठी पाठवली. "रविवारी साहेबांना पुढीलप्रमाणे दाखवावयाचे आहेत. कोतवाल दोन, खाटीक एक, परीट जितके मिळतील तितके, सुतार व शिंपी असल्यास, वेडा राघू चार-पाच, गप्पीदास, सुगरण. माळ मोकळा ठेवावा."

आता आपल्या पूर्वजांनी पाखरांना माणसांच्या धंद्यांची नावं दिली, त्याला मी काय करू? कोतवाल म्हणजे दुभंगलेल्या शेपटीचा काळा पक्षी. खाटीक टोळ मारतो आणि काट्याला टांगून ठेवतो. वेडा राघू हिरवागार, तारेवरून झेप घेऊन पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. हे सगळं मला पाठ होतं. 'पक्षी' हा शब्द लिहायचा राहिला, कारण तो मला उघड वाटला.

सर्जेराव पुढे आले. फेटा नवा होता.

"एक कोतवाल आमचा, दुसरा शेजारच्या गावचा उसना आणलाय. पर सायेब, राघू पाच न्हाईत आमच्यात. एकच हाय, आन त्यो बी तेवडा येडा न्हाई."

"म्या येडा न्हाईच," रांगेतून राघू म्हणाला. तो चाळिशीचा, चांगला मिशीवाला गडी होता. "हे आदी लिव्हून घ्या. बायकू बोलत न्हाई माज्याशी कालपासनं."

"गप्पीदास म्हनाल तेवडे हायेत," सर्जेराव पुढे म्हणाले. "त्ये बगा पारावर बसल्यात. आन सुगरण म्हंजे आमचीच मंडळी. सैपाकाला लागलीय."

बाईसाहेबांनी पदर तोंडाला लावला होता. साहेबांचा चेहरा हलत नव्हता.

"आन माळ येकदम मोकळा केलाय," सर्जेरावांनी छातीवर हात ठेवला. "पहाटंपासनं चार मानसं डबं वाजवत फिरवली. मेंढरू न्हाई, कुत्रं न्हाई, पाखरूसुदीक ठिवलं न्हाई!"

माझ्या पोटात खड्डा पडला. सोमवारचा पहिला.

माळावर गेलो. चार दिवस मी त्याच जागी, त्याच वेळी नर माळढोक पाहिला होता. आज गवत, वारा आणि आम्ही. चंडोलसुद्धा नाही. गावची रांगही आमच्या मागोमाग चालत आलेली, कारण त्यांना जा असं कुणी म्हटलंच नव्हतं. दुष्काळात इतक्या याद्या झाल्या होत्या, की यादीत नाव आलं म्हणजे साहेब हलेपर्यंत आपणही हलायचं नाही, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "गवत छान आहे," ते म्हणाले. आमच्या खात्यात याचा अर्थ संपलं असा होतो.

तेवढ्यात शिंप्यानं मला बाजूला घेतलं. "सायेब, आमची नावं कदी लिव्हून घेनार? कसली स्कीम हाय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळ्यांना खरं सांगितलं. स्कीम नाही. तुम्ही नाही, तुमच्या नावाची पाखरं पाहिजे होती.

मला वाटलं, आता मार खातो. मग म्हातारा परीट म्हणाला, "म्हंजे परीट नावाचं पाखरू हाय? करतंय काय?"

"ओढ्याकाठी हिंडतं आणि शेपूट आपटतं."

"पान्याच्या कडंला आपटतंय ना? मंग बराबर हाय," परीट म्हणाला, आणि सगळी रांग खो खो हसत सुटली. राघूला तर इतका आनंद झाला, की तो सर्जेरावांना म्हणाला, "आण्णा, हे माज्या घरी येऊन सांगा."

हसला नाही तो एकटा बाबूभाई खाटीक. डोकं खाजवत पुढे आला.

"सायेब, तुमाला आसली धाकली पाखरं पायजेत, का त्यो मोठा? पांडरी मान, डोक्यावर काळी टोपी, मानसावानी चालतो त्यो?"

"तोच! माळढोक!"

"ते मला म्हाईत न्हाई. आमी त्याला हूम म्हन्तो. सरावनात दुकान बंद, म्हून मी शेळ्या हेरत हिंडतो. डबं वाजलं की हूम चोपनात जातो. थितं कुनी फिरकत न्हाई ना."

"किती लांब?" साहेबांनी विचारलं.

"ह्ये काय, हितंच."

आमच्या जिल्ह्यात 'हितंच' म्हणजे कमीत कमी दोन मैल. जीप जाईना, म्हणून चालत निघालो. साहेबांचे बूट पॉलिश केलेले होते, हे मी भूतकाळात लिहितोय.

चोपण म्हणजे खारावलेली जमीन, आमच्या कुरणाच्याच टोकाला. पाऊस उघडला, ऊन पडलं, की क्षार वर येतात आणि सगळं रान पीठ सांडल्यासारखं पांढरं होतं. तिथे पीक येत नाही, कडेला खुरटं गवत तेवढं. बाईसाहेब टेकाडावर पोचल्या आणि थबकल्याच.

"अहो, कच्छ!" त्या म्हणाल्या. वाकून चिमूटभर माती जिभेला लावून बघितली. "कमी आहे, पण आहे."

बाबूभाईनं सगळ्यांना एका बाभळीमागे पालथं झोपवलं. साहेबांनी ओठांवर बोट ठेवून कडक इशारा केला. आवाज बंद. कोतवालांनी पागोटी काढली. पाव तास झाला. पांढऱ्यावर पांढरं, काहीच दिसेना. मुंग्या मात्र दिसत होत्या, साहेबांच्या बाहीवर.

मग पांढऱ्या जमिनीतला एक पांढरा खुंट चालायला लागला.

चौथ्या दिवशी साहेबांची ऑर्डर आली. खड्डे रद्द, कुरण आहे तसे ठेवावे. त्या माळावर पुढे निदान माझी बदली होईपर्यंत तरी कुदळ लागली नाही. मी मात्र धडा घेतला. सरकारी पत्रात काय आहे ते आधी लिहावं, नाव मागाहून. पुढे नोकरीभर मी 'पक्षी नामे मोर' आणि 'प्राणी नामे ससा' असंच लिहीत आलो. ऑफिसात हसायचे. हसू देत, माझ्या यादीत पुन्हा कुणी राघू सापडला नाही.

साहेबांच्या रिपोर्टमध्ये त्या सकाळबद्दल एकच ओळ आहे. 'नर माळढोक समक्ष पाहिला.' रिपोर्टात जे नाही ते सांगून थांबतो.

तो नर चोपणाच्या मधोमध येऊन उभा राहिला. थोड्या अंतरावर एक मादी टोळ वेचत होती. त्यानं मान मागे टाकली. छाती फुगवली. गळ्याची पांढरी पिशवी फुगत फुगत पार गुडघ्यापर्यंत लोंबायला लागली. शेपटीचा पंखा पाठीवर उलटला. आणि मोठ्या ऐटीत एकेक पाऊल टाकत, पोटातून घुमवत, त्यानं "हूम" केलं. मादीनं वर बघितलंसुद्धा नाही. त्यानं पुन्हा "हूम" केलं. तिनं पाठ फिरवली आणि दुसऱ्या टोळाकडे गेली.

माळावर टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. तेरा माणसं श्वास रोखून पालथी पडलेली. त्या शांततेत, डोळ्यांवरची दुर्बीण न काढता, बाईसाहेब खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"अगं बाई! अहो, मीटिंगला निघताना तुम्ही अगदी अस्सेच दिसता!"