गणपतीला लावलेली गाडी

वडाळ्याच्या त्या वर्कशॉपमध्ये हसतमुखाने कुणी येत नसे. जड माल वाहणाऱ्या पिकअप गाड्यांचं वर्कशॉप ते. धड चालणारी गाडी तिथे दाखवायला कोण कशाला आणील? कुणाची गाडी चढावर गिअर सोडायची, कुणाची दुसरा टाकताना खरखरायची, कुणाची लोड भरला की मागच्या ॲक्सलातून कण्हायची. मालक फाटकातूनच आवाज चढवून आत शिरायचे. “नवी गाडी आहे, अजून सीटचं प्लास्टिक नाय काढलं, आणि गिअर सुटतो? काय विकलंय काय तुम्ही आम्हाला?”

आणि मग जयवंत राणेच्या टेबलापाशी येऊन तेच मालक थंड व्हायचे.

जयवंत तिथला सर्व्हिस ॲडव्हायजर. म्हणजे गाडीला हात न लावता गाडीबद्दल बोलणारा माणूस. जन्म लालबागचा, मूळ गाव कणकवलीकडचं, आवाज मऊ, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं हा आपला मामेभाऊच. तो आधी चहा मागवायचा. मग गाव विचारायचा. गाववाला निघाला तर सरळ मालवणीत शिरायचा. आणि चहाचा दुसरा घोट झाला की अगदी घरच्यासारखं विचारायचा, “यंदा खंयच्या गणपतीक लावलंस गाडी?”

परळ-लालबागच्या बाजूला ज्याच्याकडे पिकअप आहे त्याने ती विसर्जनाला मंडळाला द्यायची, ही रीत आहे. भाडं घ्यायचं नाही. मूर्तीची ट्रॉली मागे जोडायची, बॉनेटवर हार, पुढे नारळ, आणि सकाळपासून चौपाटीपर्यंत माणसांच्या पावलांनी गाडी न्यायची. हा मान मिळावा म्हणून लोक मंडळाच्या मागे लागतात. त्यामुळे जयवंतने विचारलं की मालकाची छाती फुगायची. कुठलं मंडळ, मूर्ती केवढी, गर्दी कशी, ड्रायव्हरने कसा ब्रेकही लागू दिला नाही, सगळं तो हौसेने सांगायचा. जयवंत “वा!” म्हणायचा. मग जरासा चेहरा पाडून म्हणायचा, “मग रे, दिवसभर अर्ध्या क्लचवरच चालली असणार ती. हे काम नाय ह्या गाडीचं. आता कंपनी वॉरंटीत कशी घेणार, सांग बघू तूच.”

भांडायला आलेला माणूस ह्यावर काय बोलणार? देवाला गाडी दिली ही चूक झाली, असं कुठल्या तोंडाने म्हणणार? तो खर्च अंगावर घ्यायचा, वर जयवंतला नमस्कार करून जायचा.

ही शक्कल मॅनेजर विनीतसाहेबांना सात जन्मांत सुचली नसती. ते पुण्याचे, वयाने तरुण, काचेच्या केबिनमध्ये बसणारे. त्यासाठी लालबागच्या चाळीतच जन्म घ्यावा लागतो. साहेब म्हणायचे, “जयवंतराव, आपण खोटं कुठे बोलतो? आपण फक्त प्रश्न विचारतो.” जयवंतलाही ते पटत असे. म्हणजे पटवून घेतलं की पटत असे. अर्ध्या क्लचने क्लचप्लेट जळते, गिअर सुटत नाही. ह्या दोन आजारांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे एवढ्या वर्षांत वर्कशॉपच्या भिंतींनाही कळलं होतं. जयवंतला कळलं नव्हतं, असं कोण म्हणेल?

मग एके दिवशी कांताची गाडी आली.

कांता त्याच्याच मजल्यावर, दोन खोल्या सोडून राहणारी. तिचा नवरा गणपत गेल्यावर लोकांना वाटलं ही आता गावी जाईल. ती कुठली जाते! तिने मोठी पिकअप घेतली, गावाहून धाकटा भाऊ रामदासला बोलावून ड्रायव्हर केलं, आणि रे रोडच्या लोखंडबाजारातून परळच्या टॉवरांच्या साइटवर सळया पोचवायचा धंदा उभा केला. रामदास गाडीला जीव लावायचा. सकाळी तिला पुसल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. कांता चेष्टेने म्हणायची, “ह्येचा लगीन गाडयेशी लावून दिलंय.”

त्या गाडीचा तिसरा गिअर सुटू लागला. लोड घेऊन पुलावर चढली की दांडा आपोआप न्यूट्रलला यायचा आणि गाडी मागे घसरायला बघायची. रामदास डाव्या हाताने दांडा दाबून धरायचा आणि उजव्या हाताने स्टेअरिंग सांभाळायचा. खांदा सुजला तरी बोलला नाही. शेवटी कांतानेच गाडी वर्कशॉपला आणली. “भावजी, आता तुमीच बघा,” म्हणाली, आणि निर्धास्त होऊन बाकावर बसली.

जयवंतने गाडी स्वतः चालवून पाहिली. सळया भरलेल्या होत्याच. रामदास शेजारी. पुलाचा निम्मा चढ झाला आणि तिसऱ्याचा दांडा जयवंतच्या पंज्याखालून निसटला आणि गाडी मागे घसरू लागली. मागे बस होती. त्याने कसाबसा ब्रेक दाबला.

“बघितलंत, दादा?” रामदास म्हणाला. त्याला बरं वाटलं होतं. डॉक्टरसमोर दुखणं उठलं की रोग्याला वाटतं तसं.

“हं,” जयवंत म्हणाला.

परत आले. टेबलापाशी कांता, रामदास. समोर काचेआड विनीतसाहेब, मान वर करून बघत. जयवंतच्या निवृत्तीला फार काळ उरला नव्हता, आणि पुढे सल्लागार म्हणून ठेवून घेऊ असं साहेबांनी नुकतंच सुचवलं होतं. ह्या सगळ्याचा हिशेब त्याने त्या वेळी मांडला असंही नाही. चहा आला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने जीभ आपली आपण वळली.

“यंदा कुठल्या गणपतीला लावलेली रे गाडी, रामदास?”

रामदास खुलला. “आपल्याच की, दादा! तुमीच नाय का हार घातलात?”

घातला होता. बॉनेटवरचा हार जयवंतने स्वतःच्या हाताने घातला होता, नारळही त्यानेच फोडला होता. उत्तर त्याला रामदासच्या आधी माहीत होतं. तरी पुढचं वाक्य त्याच्या तोंडून ठरल्यासारखं बाहेर पडलं. अर्धा क्लच, दिवसभर, ड्रायव्हरचा हात, कंपनी काय करणार.

कांताने एकदा भावाकडे पाहिलं. ती भांडकुदळ बाई. कंपनीशी भांडली असती तर जयवंतला सुटल्यासारखं झालं असतं. पण हे कंपनी म्हणत नव्हती, भावजी म्हणत होते. गाडी तशीच घेऊन घरी परतल्यावर गल्लीच्या तोंडाशी, चार माणसं उभी असताना, तिने रामदासपुढे हात केला. “चावी दी.”

त्याने दिली.

तेव्हापासून गाडीवर बाहेरचा ड्रायव्हर आला. गिअर त्याच्याही हातून सुटायचाच, पण तो म्हणायचा, आधीच्याने वाट लावून ठेवली आहे. दांडा निसटू नये म्हणून त्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी त्याला बांधली आणि ती पुढे डॅशबोर्डखाली अडकवून दिली. रामदास प्लायवूडच्या गोदामात हमालीला लागला. बहिणीच्या घरी जेवायचा, पण मान खाली घालून, पाहुण्यासारखा. दिवाळी गेली, होळी गेली. मंडळाच्या पोरांनी कधी कुणाची गाडी जरा बाजूला लावायला सांगितली तर तो म्हणायचा, “नको रे बाबा. मी आता गाडीक हात लावचंय नाय.”

जयवंत जिन्यात त्याची चाहूल लागली की चप्पल शोधत रेंगाळायचा. एकदा मात्र नळापाशी गाठ पडलीच. रामदास दोन बादल्या भरून उभा होता. म्हणाला, “दादा, एक बोलायचं होतं. माझ्यामुळे तुम्हाला कंपनीत ऐकून घ्यावं लागलं असंल. घरच्यासारखी माणसं म्हणून गाडी आणली, आणि चूक माझी निघाली. मनात ठेवू नका.”

जयवंत “छे, छे” म्हणाला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. दर्शनाने, त्याच्या बायकोने, विचारलं, काय होतंय? तो म्हणाला, ॲसिडिटी. रामदासने शिवी दिली असती तर त्याने ती पचवली असती. ही माफी पचेना. आपण नीच आहोत, असं त्याला त्या दिवशी पहिल्यांदा स्पष्ट वाटलं.

पण वाटून काय होतं? दुसऱ्या दिवशी कामावर गेलाच. जुलैत नायगावच्या बीडीडी चाळीतला अजित म्हणून एक तरुण मालक तीच तक्रार घेऊन आला. तिसरा, पूल, लोड. जयवंतने चहा मागवला. प्रश्न विचारला.

“आमच्यात गणपती नसतो, काका,” अजित म्हणाला.

जयवंत केबिनमध्ये गेला. विनीतसाहेबांनी संगणकावरून नजरही काढली नाही. “मग चौदा एप्रिलला मिरवणुकीत लावली होती का, ते विचारा. त्यात काय?”

जयवंत बाहेर आला. अजितसमोर बसला. चहाचा कप उगाच त्याच्यापुढे सरकवला. आपल्या देवाचं केलं तेवढं पुरे नव्हतं, आता ह्याच्या बाबासाहेबांनाही कामाला लावायचं? त्याला स्वतःचीच शिसारी आली. अजितला काय कळलं कोण जाणे. म्हणाला, “गाडी मेमध्ये घेतलीय. अजून कुठल्या मिरवणुकीचं तोंड बघितलं नाय तिने. चला पुलावर, तुम्हीच चालवा.”

गिअर सुटला. त्याच पुलावर, त्याच चढाला, तसाच. फरक एवढाच की अजितने शेजारी बसून मोबाइलवर सगळं टिपलं होतं. विनीतसाहेबांनी ते पाहिलं, आणि हूं की चूं न करता नवा गिअरबॉक्स बसवून दिला.

त्या संध्याकाळी जयवंत घरी न जाता थेट कांताच्या दारात उभा राहिला. ती भाकऱ्या थापत होती. त्याने चप्पल न काढता, बाहेरूनच सगळं सांगितलं. गिअर कंपनीचाच खराब होता. रामदासचा हात, गणपती, क्लच, कशाचा काही संबंध नव्हता. आपल्याला तेव्हाही माहीत होतं.

कांताने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, “म्हायत होता?”

“होय, वहिनी.”

“हार घालताना पण म्हायत होता, की ह्योच पुढे कामाला येतलो म्हणून?”

“तेव्हा नाय. देवाशप्पथ, तेव्हा नाय.”

“देवाची शपथ तुमी घेव नका,” ती म्हणाली. भाकरी काढून तिने गॅस बंद केला. “मी त्याची चावी गल्लीत घेतली, चार लोकांसमोर. तुमी हे माझ्या चुलीपाशी सांगून मोकळे होणार? खाली मंडळाची सभा लागलीय. तिथे सांगा.”

जयवंतला वाटलं होतं, ती ओरडेल, रडेल, आणि मग आपलं ओझं हलकं होईल. तसलं काही तिच्या मनात नव्हतं. ती पदराला हात पुसत त्याच्यामागून जिना उतरली.

मंडळाची सभा म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये वीसेक माणसं आणि एक चहाची किटली. यंदा ट्रॉलीला गाडी कुणाची, हाच विषय चालला होता. कुणी म्हणत होतं, बाहेरून भाड्याने आणू, गल्लीतल्या गाड्यांचं काय होतं ते दिसतंय ना. रामदास सगळ्यात मागे, दाराला टेकून. जयवंत उभा राहिला. मंडळाचा जुना माणूस, यंदाही नारळ त्यानेच फोडायचा. त्याने रामदासकडे बघून सांगायला सुरुवात केली आणि मध्येच नजर खाली गेली, तरी सांगून पुरं केलं. कंपनीचं नाव, पुलाचं नाव, आणि तो प्रश्न कसा विचारायचा ते.

रामदास दारातून पुढे आला. “म्हणजे गणपतीला लावली म्हणून नाय?” त्याने विचारलं. “माझ्या हाताने नाय झालं?”

“नाय रे. तुझा हात होता म्हणून ती पुलावरून मागे आली नाय.”

रामदास तिथेच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. कांता त्याच्या शेजारी बसली. जयवंतला वाटलं, झालं. नोकरी जाईल, जाऊ दे. एवढं तरी नीट झालं.

तेवढ्यात पुढच्या खुर्चीवरचे दत्ताराम उठले. म्हातारा माणूस, पूर्वी त्यांची पिकअप होती, तीही मंडळाला लागायची. तिचा गिअरबॉक्स गेला तेव्हा तेही वडाळ्यालाच आले होते, जयवंतकडेच. पुढे गाडी विकली, धंदा मोडला. त्यांची बायको जाईबाई तीन पावसाळ्यांपूर्वी वारली.

“जयवंता,” ते म्हणाले, “माझी रे?”

जयवंतला त्यांची गाडी आठवत होती. “तुमचीपण, दत्तारामकाका.”

“नक्की?”

“नक्की.”

दत्ताराम उभेच राहिले. “गाडी गणपतीला द्यायचा हट्ट जाईचा होता,” ते म्हणाले. “नवस होता तिचा. तुझ्या नवसाने माझा धंदा बुडवला, असं मी तिला म्हणायचो. जेवताना म्हणायचो, लोकांत म्हणायचो. हॉस्पिटलात पण म्हणालो.” त्यांनी जयवंतकडे पाहिलं, जणू अजून काही उत्तर मिळायचं राहिलं होतं. “आता हे मी कुणाला सांगू?”

त्यांच्या मागे आणखी दोघे-तिघे मालक आपापल्या गाडीचं विचारायला उभे राहिले होते.