मधल्या रांगेतलं घर

लोक विचारतात, फौजदारी वकील असून परदेशी जाणाऱ्यांच्या भानगडीत तुम्ही कसे पडलात? दार चुकून पडलो.

सत्तरच्या दशकातला चंदीगडचा जानेवारी. मी नवा वकील. बनावट पासपोर्टसकट पकडलेल्या एका पोराला जामीन मिळवून दिला आणि हे शौर्य त्याच्या आईला सांगायला स्वतः निघालो. भर दुपारी धुकं. सरकारी क्वार्टरांच्या रांगा एकाच साच्यातल्या. माझं अशील शेवटच्या रांगेत राहायचं. मी मधल्या रांगेत शिरलो.

दार उघडंच होतं. जमिनीवर पांढऱ्या चादरी, त्यांवर गप्प बसलेल्या बायका. आमच्याकडे पांढरी चादर अंथरली की गाण्याची बैठक. मला वाटलं, जामिनासाठी भजन बसलंय. एका म्हातारीपुढे वाकून मी म्हणालो, "बीजी, फिकर नको. लड़का कल घर आएगा."

बायकांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग म्हातारी म्हणाली, "पक्का?"

"पक्का जी."

ती भिंतीला धरून उठली आणि चूल पेटवायला गेली.

तिच्या दिरानं मला बाहेर आणलं. "वकील साब, हमारा लड़का एजंट के साथ विलायत निकला था. रस्ते में ही गया. लाश भी नहीं मिली."

"मग मला अडवलं का नाही?"

"खबर आने के बाद भाभी आज पहली बार उठी है."

दुसऱ्या दिवशी पोराला तुरुंगातून घेऊन आलो. या वेळी रांगा मोजल्या, पण शेवटच्या रांगेची वाट त्याच दारावरून जात होती. म्हातारी उंबऱ्यात उभी. परतलेल्या लेकरासाठी तिथे उंबऱ्यावर तेल सोडतात. तिच्या हातात तेलाची वाटी होती. पोराला पाहून तिनं दोन्ही बाजूंना सावकाश तेल सोडलं.

पोरगा शहाणा. पुढे होऊन त्यानं तिचे पाय धरले. तिनं त्याचा चेहरा वर केला, बराच वेळ निरखला.

"जा पुत्तर, तेरी माँ बैठी है."

मग माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे, "मेरे वाला पीछे आ रहा है ना?"

वाटीत अजून तेल होतं. पोरानं मागे वळून धुक्यात पाहिलं. मीही पाहिलं.