तरंगणाऱ्या जाकिटाचा भाव

ज्या दुकानात माल महाग आणि गिऱ्हाईक तुरळक, तिथे किस्से फार साठतात. माणसं येतात, भाव विचारतात, दचकतात. आणि दचकल्यावर जे बोलतात ते ऐकण्यासारखं असतं! दाजीमामांचं माझगावचं दुकान असंच होतं. दोरखंड, कप्प्या, नांगर, कंदील, होकायंत्रं... होडीला लागेल ते सगळं तिथे मिळायचं. मी चार वर्षं विलायतेत होड्या बांधायचं शिकून परत आलो आणि गिरगावात मामांच्याच घरी उतरलो.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. मी बोटीतून उतरलो तो जवळजवळ थेट मोर्चातच! मामा मात्र दुकानाच्या पायरीवरून मोर्चाला नुसता नमस्कार करायचे. "आपले एजंट एका मताचे, गिऱ्हाईकं दुसऱ्या. मनात काय असेल ते असो, दुकानात घोषणा नको रे बाबा!"

*

पहिल्याच आठवड्यात हिराबाई आली. कोळीवाड्यातली, स्वतःची होडी असलेली बाई. दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी ती दुकानात यायची, फळीवरचं जीवरक्षक जाकीट हातात घ्यायची, भाव विचारायची आणि जाकीट जागेवर ठेवून दोरी घेऊन जायची. दोन वर्षांपूर्वी तिचा दीर समुद्रावर गेला तो परत आला नव्हता. आणि यंदा तिचा पांडू पहिल्यांदा होडीवर जाणार होता.

तिने भाव विचारला. मामांनी सांगितला. तिने जाकीट ठेवलं.

ती गेल्यावर मी मामांवर घसरलो. "मामा, हेच जाकीट तिकडे याच्या तिसऱ्या हिश्शात मिळतं!"

मामांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "बोटीचं भाडं. विमा. जकात. परवाना. परवान्यासाठीच्या खेपा. तिकडचा एजंट, इकडचा एजंट. आणि सगळ्यांच्या शेवटी मी."

"पण माझा नॉर्वेचा मित्र सांगायचा, त्यांच्याकडे तर ते विलायतेपेक्षाही स्वस्त!"

"का?"

"तिथे घरोघरी होडी असते. खप जास्त, म्हणून भाव कमी."

मामा विचारात पडले. मग म्हणाले, "बरोबर आहे. आपल्याकडे घरोघरी पाट असतो. बघ, पाट किती स्वस्त आहेत!"

*

जकातीचा किस्सा पास्कलचा. पास्कल म्हणजे मामांचा कारकून, खोताच्या वाडीतला. कस्टममधून माल सोडवून आणणं हे त्याचं काम. एकदा जाकिटांची पेटी अडकली. तिथल्या साहेबाचं म्हणणं, हे तयार कपडे आहेत. कपड्यांची जकात जास्त. पास्कलचं म्हणणं, हे होडीचं सामान आहे, त्याची कमी. हुज्जत चार दिवस चालली.

पाचव्या दिवशी पास्कल इरेला पेटला. त्याने पेटीतलं एक जाकीट काढलं, अंगात चढवलं, पट्टे आवळले आणि साहेबापुढे उभा राहिला. "बघा साहेब! असं घालून कोणी चर्चला जाईल काय? लग्नाला जाईल काय? हा कपडा काय?"

साहेबाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्ही घातलंय ना?"

"हो."

"मग कपडाच!"

जास्तीची जकात भरून पास्कल परत आला. ती रक्कम अर्थातच जाकिटांच्या भावात गेली. मामा म्हणायचे, "आपल्या भावात पास्कलच्या हुशारीचेही पैसे आहेत."

*

मला काही चैन पडेना. स्वतंत्र देशातल्या कोळ्याने स्वतःचा जीव वाचवायला परदेशी भाव का मोजायचा? एका रविवारी मी दुकानातलं एक जाकीट घरी आणलं आणि स्वयंपाकघरात बसून सरळ उसवलं. मामा बाहेरून आले, पाहिलं आणि मटकन खाली बसले. त्यांच्या डोळ्यांपुढे भाडं, विमा, जकात सगळं एकदम उसवलेलं दिसत असावं!

आत निघाला पांढरा, रेशमासारखा, हलका कापूस. मी आनंदाने ओरडलो, "मामा, हा सावरीचा कापूस! याला पाणी लागत नाही! आपल्या कोकणात हा झाडावरून उडून वाया जातो!"

मामी चुलीपाशी होत्या. त्यांनी चिमूटभर कापूस बोटांत चोळून पाहिला.

"यासाठी चार वर्षं विलायतेला राहिलास? माझी उशी उसवली असतीस तरी कळलं असतं!"

*

मग जाकिटं लालबागला शिवायचं ठरलं. तिथल्या एका चाळीत सुशीलाबाई राहायच्या. नवरा गिरणीत, त्या घरी मशीनवर पिशव्या शिवायच्या. त्यांनी आणि शेजारच्या दोघीतिघींनी जाड कॅनव्हासची जाकिटं शिवली, मामींच्या माहेरून सावरीचा कापूस आला, आणि पहिली रास तयार झाली.

आता तपासणी. जाकिटाला लोखंडी वजन बांधून ते दिवसभर पाण्यात ठेवायचं होतं. चाळीच्या गच्चीवरच्या टाकीखेरीज एवढं पाणी कुठे होतं? आम्ही गुपचूप टाकीत जाकीट सोडलं. तासाभरात बायका हंडे घेऊन वर!

"मेल्यांनो, आमच्या प्यायच्या पाण्यात काय बुडवताय?"

मी म्हटलं, "बुडवत नाही हो काकी, तरंगवतोय!"

एकीने डोकावून पाहिलं. जाकीट तरंगत होतं. तिने वजनाकडे बोट दाखवलं. "आणि हे गंजकं पानी कोन पिनार? तुझा मामा?"

टाकी आम्हाला घासून द्यावी लागली. पण घासताना मी शीळ घालत होतो. जाकीट बुडालं नव्हतं!

*

त्याच चाळीतली पोरं एकदा माझ्याकडे आली. दुसऱ्या दिवशी मोर्चा होता आणि लाठ्या पडणार अशी बोलवा होती. "इंजिनेरसाहेब, चार जाकिटं द्या ना. आतून घालू. पाठीला गादी!"

कार्यासाठी नाही कसं म्हणणार? दिली. मामांना सांगितलं नाही.

संध्याकाळी चौघेही धडधाकट परत आले तेव्हा माझ्या जिवात जीव आला. "काय रे, लागलं का?"

म्होरक्या म्हणाला, "अजिबात नाय! तुमचं जाकीट एक नंबर."

"मग तोंड का असं?"

"हे घालून पळताच येत नाय ना! बाकीचे पळून गेले, त्यांच्या वाट्याच्या पण आम्हीच खाल्ल्या!"

*

नारळी पौर्णिमा जवळ आली. मी आमचं जाकीट घेऊन स्वतः हिराबाईकडे गेलो आणि मोठ्या अभिमानाने भाव सांगितला. विलायती जाकिटाच्या भावाचा जेमतेम चौथा हिस्सा!

तिने ते उलटंपालटं करून पाहिलं, शिवण ओढून पाहिली आणि परत दिलं.

"येवढं सस्त? मंग बुडनारच हे!"

मी चकित झालो. दुकानात येऊन मामांना सांगितलं, तर मामा खूश! "बघ! भाडं, विमा, जकात, एजंट... आणि विश्वास. तो सगळ्यात महाग. भाव दुप्पट लाव, उद्या घेईल."

"मुळीच नाही! ज्या कारणासाठी हे केलं तेच सोडायचं?"

"मग तिचा पोरगा जाकिटाविना जाईल. तुझं तत्त्व त्याला तरंगवणार आहे का?"

मी भाव वाढवला नाही. मामा मात्र त्या रात्री नीट जेवले नाहीत, असं मामी म्हणाल्या.

*

आणि मग धक्क्यावरची ती सकाळ.

होड्या रंगवून, पताका लावून तयार होत्या. मी, मामा आणि पास्कल जाकीट घेऊन भाऊच्या धक्क्यावर गेलो. हिराबाई होती, पांडू होता, भोवती बराच कोळीवाडा होता. मी जाकीट घातलं, पाण्यात उडी मारली, हातपाय न हलवता तरंगून दाखवलं आणि मोठ्या ऐटीत वर आलो.

हिराबाई म्हणाली, "तू पवतोस रं पोरा. पवनारा तरंगला त्यात काय नवाल?"

"मग कोणी उतरायचं?"

तिने शांतपणे मामांकडे पाहिलं. "शेटना पवता येत नाय. शेट उतरतील?"

सगळा धक्का हसला. होडीचं सामान विकण्यात मामांचं आयुष्य गेलं होतं, पण ते होडीत एकदाही बसले नव्हते. एलिफंटाला जायचं निघालं तरी त्यांचं पोट दुखायचं!

मामा हसले नाहीत. ते पांडूकडे बघत होते. पांडू नव्या सदऱ्यात, हातात नारळ घेऊन उभा होता. मामांनी चष्मा काढून पास्कलकडे दिला. माझ्या अंगातलं ओलं जाकीट स्वतःच्या कोटावर चढवलं. पट्टे आवळून घेतले. काळी टोपी घट्ट बसवली.

"मामा, राहू द्या," मी म्हटलं.

"तू गप," मामा म्हणाले, आणि डोळे मिटून त्यांनी उडी टाकली.

एवढा मोठा आवाज झाला की बगळे उडाले. आधी टोपी वर आली. मग मामा आले. भीतीने त्यांना एकाही देवाचं नाव आठवेना. जे आठवलं ते त्यांनी जिवाच्या आकांताने ओरडून टाकलं.

"मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" अख्खा धक्का गरजला. मामांनी पुन्हा आरोळी ठोकली, धक्का पुन्हा गरजला.

त्या दिवसांत जमावबंदी होती. शिट्टी वाजवत हवालदार धावत आला. "कोण देतंय घोषणा? पुढारी कोण?"

सगळ्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं. टोपी एकीकडे, मामा दुसरीकडे, धोतराचा फुगा तिसरीकडे.

"ए! लपू नको! वर ये!"

"हवालदारसाहेब," मामा काकुळतीला येऊन ओरडले, "मी कधीचा खाली जायला बघतोय, पण हे जाकीट जाऊच देत नाही हो!"

हिराबाईने पदर खोचला. माझ्याकडे वळली.

"आमच्या होरीवर सात मान्सं हायत," ती म्हणाली. "सात दे. आनि मंग शेटला वर काडा!"