रुमालाखालचे पाच किलोमीटर

आमच्या पळण्याचे किस्से सांगायला बसलो, की बायको आत जाऊन कणीक मळून, पोळ्या लाटून परत येते, तरी मी अजून आणे गावच्या घाटातच असतो! चार वर्षांत वजन तीन किलो उतरलं, किस्से मात्र वाढतच गेले.

आम्ही चौघं. मी, बेल्ह्यात माझं मेडिकल आहे. कांतीशेठ किराणावाले, आजोबा राजस्थानातून आले, पण शेठचं मराठी माझ्यापेक्षा चोख. रंजनाताई शाळेत शिकवतात. आणि आमचे कॅप्टन नामदेवभाऊ, बैलबाजारातले दलाल, वय बावन्न.

लडाखला बेचाळीस किलोमीटर पळायचं, हे खूळ भाऊंचंच. सराव आण्याच्या पठारावर करायचा, कारण "तेबी पठार, हेबी पठार!"

कांतीशेठनं मोबाईलमध्ये बघितलं. "भाऊ, तिथली उंची आपल्या चौपट आहे!"

"मग चार फेऱ्या मारू!" भाऊ म्हणाले.

* * *

आमच्याकडे माणूस पळतो तो दोनच कारणांनी. एकतर बिबट्या दिसला म्हणून, नाहीतर घरात काहीतरी विपरीत घडलं म्हणून.

रंजनाताई पहिल्या दिवशी गावातून पळत गेल्या. वाटेत तीन मोटरसायकली थांबल्या. "ताई, बसा पटकन! कंच्या दवाखान्यात?" ताईंनी तिघांनाही हात जोडून पुढं पाठवलं.

दहा किलोमीटर करून परत येतात तर दारात बारा माणसं! शेजारची म्हातारी पदर डोळ्याला लावून बसलेली, आणि ताईंचे मिस्टर पायरीवर सगळ्यांना सांगतायत, "अहो, मी जिवंत आहे, मला काही झालेलं नाही!"

म्हातारी म्हणाली, "मग ती पळती कशाला?"



* * *

उंचावर हवा विरळ असते. म्हणून कमी हवेची सवय व्हायला कांतीशेठनं तोंडाला पांढरं फडकं बांधून पळायची टूम काढली. अंगात पांढरा टीशर्ट, खाली पांढरी पॅन्ट. ओझरच्या रस्त्याला समोरून नेमकी त्यांची आत्या आली. आत्याला दिसायला जरा कमीच. तिला वाटलं, मुखपट्टी बांधलेले जैन महाराज चाललेत!

ती रस्त्यातच वाकली. शेठची पंचाईत. फडकं काढावं तर आत्या तिथंच आरती ओवाळणार. त्यांनी एक हात वर करून आशीर्वाद दिला आणि स्पीड वाढवला.

संध्याकाळी आत्या दुकानात हजर. "कांती, आज फार मोठ्या तपस्वी महाराजांचं दर्शन झालं. काय तो वेग!"

शेठ साखर मोजत राहिले.

"फक्त पायात बूट होते रे. तुझ्यासारखेच!"

* * *

आता भाऊंच्या रुमालाचं सांगतो. बैलबाजारात भाव तोंडानं ठरत नाही. दलाल रुमाल टाकतो, त्याखाली समोरच्याचा हात धरतो आणि बोटं दाबून आकडा सांगतो. खाली काय ठरलं ते तिसऱ्याला कधी कळत नाही.

चढावर दम लागला की बोलता येत नाही, म्हणून भाऊंनी हीच पद्धत आमच्यात आणली. किती राहिलं? भाऊ रुमाल टाकून माझा हात धरणार. तीन बोटं दाबली, की तीन किलोमीटर.

एकदा बाजाराला निघालेल्या शेतकऱ्यानं आम्हाला असं जोडीनं पळताना बघितलं. टेम्पो थांबवून त्यानं आम्हा दोघांना खालीवर न्याहाळलं.

"भाऊ, ह्यातलं इकायचं कोनतं?"

* * *

गेल्या वर्षी गेलो लडाखला. शर्यतीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी बोटाला यंत्र लावून रक्तातला ऑक्सिजन मोजला. भाऊंचा आला ऐंशी.

डॉक्टर गंभीर झाले. "ताऊ, अस्सी है. सिर्फ अस्सी!"

भाऊ खूश! माझ्याकडे वळून म्हणाले, "आमच्या घरान्यात पंचेचाळीस टक्क्यांच्या वर कुनीबी गेलं न्हाई!"

दोन तास झोपवून परत मोजला, तेव्हा कुठं परवानगी मिळाली.

पण दुसऱ्या दिवशी सदतिसाव्या किलोमीटरला त्याच डॉक्टरनं भाऊंना अडवलं. "नाम बताओ." भाऊंना सगळं कळत होतं, पण दम इतका लागलेला, की "ना... ना..." याच्यापुढं गाडी जाईना. ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही, त्याच्या डोक्याला उंची लागली, असं डॉक्टरांनी ठरवलं आणि त्यांना उचलून अँब्युलन्समध्ये घातलं. आम्ही तिघं शर्यत पुरी करून आलो, आणि आमचे कॅप्टन अँब्युलन्समधून!

तेव्हापासून बाजारातला चहावाला गेनू रोज विचारायचा, "भाऊ, किती राह्यलं? पाच ना?"

भाऊ हसायचे. पण एक दिवस घाटात मला म्हणाले, "येवढं सौदं केलं, येकबी अर्ध्यावर सोडला न्हाई. ह्यो येक छातीवर बसलाय बघ."

मला फार वाईट वाटलं. खरं सांगतो, औषधाच्या दुकानात त्यावर काही मिळत नाही.

* * *

यंदा पुन्हा गेलो. वर्षभर भाऊंनी चढ संपला की नाव सांगायची प्रॅक्टिस केली होती. यंदा मी त्यांची सोबत सोडायची नाही, असं ठरवलं होतं. सदतिसावा किलोमीटर आला. डॉक्टर तोच!

"ताऊ! फिर आ गये? नाम बताओ."

"ना... ना..."

डॉक्टरनं अँब्युलन्सला हात केला. मला काही सांगायचं होतं, पण माझंही "हे... हे..." एवढंच निघालं.

भाऊंनी गळ्यातला रुमाल काढला, डॉक्टरच्या हातावर टाकला आणि खाली त्याची बोटं धरली. डॉक्टर आधी दचकला. मग थांबला. डॉक्टर होता हरयाणाचा, बैलबाजारातला रुमाल त्यालाही ठाऊक. त्यानं भाऊंच्या डोळ्यांत बघितलं, मान नकारार्थी हलवली. रुमाल हलला. भाऊंनीही मान हलवली. रुमाल परत हलला. असं दोन-तीनदा झालं. मागं खोळंबलेले चार धावपटू टाळ्या वाजवायला लागले.

शेवटी डॉक्टर खो खो हसला आणि ड्रायव्हरला ओरडला, "गाडी पीछे रखो! ताऊ को हाथ मत लगाना!"

पाच किलोमीटर भाऊ पुढं आणि अँब्युलन्स मागं. वेळ संपायला सहा मिनिटं असताना भाऊंनी रेघ ओलांडली, आणि मी भर रस्त्यात रडलो.

परतीच्या प्रवासात विचारून विचारून थकलो, की डॉक्टरशी काय ठरलं? भाऊंचं एकच उत्तर, "रुमालाखालचं भाईर सांगत नसत्यात."

बाजाराच्या दिवशी गेनूच्या टपरीवर गेलो. गेनूनं सवयीनं विचारलं, "भाऊ, किती राह्यलं?"

भाऊंनी रुमाल त्याच्या हातावर टाकला आणि खाली हात घातला. गेनू बराच वेळ रुमालाखाली चाचपत राहिला.

"भाऊ, मूठ हाये ही. ह्यात कायच न्हाई!"

"नीट मोज," भाऊ म्हणाले.