एकवीस लाखांचं टपाल

सकाळी साडेसातला आमच्या घरात कुणी कुणाशी फारसं बोलत नाही. मी डबे भरत असते, हे इस्त्रीवर रागावलेले असतात, आणि माझ्या थोरल्या वन्सं खिडकीशी बसून पेन्सिलींना टोक करत असतात. रोज सहा. खासदारांच्या कचेरीत टपाल फोडण्याचं काम त्या अठ्ठावीस वर्षं करतायत. त्या दिवशी तिसऱ्या पेन्सिलीला दारावर थाप पडली.

दारात तिशीची एक बाई. केस विंचरलेले नव्हते, हातात कचेरीची पोचपावती मात्र नीट चौघडी केलेली. तिचा नवरा जहाजावर इलेक्ट्रिशियन. मालकानं जहाज परक्या बंदराबाहेर सोडून हात झटकले होते. माणसांना किनाऱ्यावर उतरू देत नव्हते, आणि प्यायचं पाणी रविवारपर्यंतच पुरेल असा पहाटे त्याचा फोन आला होता. तिथल्या आपल्या वकिलातीनं तिला फोनवर सांगितलं, तुमच्या खासदारांचं पत्र असलं तर काही हालचाल करता येईल. ते पत्र तर तिनं चार महिन्यांपूर्वीच लिहून मागितलं होतं.

वन्संनी पावतीवरचा आकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"एकेचाळीस हजार," त्या म्हणाल्या. "मी अजून तेहतीस हजारांतच आहे."

वन्संचा नेम ठरलेला. आलेल्या प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं क्रमांक घालायचा आणि त्याच क्रमानं ते साहेबांपुढे न्यायचं. वशिला नाही, ओळख नाही. एकदा मंत्र्यांच्या मेहुण्यालाही त्यांनी रांगेत बसवलं होतं, आणि ही गोष्ट त्या दागिन्यासारखी मिरवत. त्या कामाला लागल्या तेव्हा मतदारसंघात पाच लाख माणसं होती. सोमवारची पत्रं शनिवारपर्यंत संपायची. आज माणसं एकवीस लाख. खासदार एकच, टेबल एकच, वन्संही एकच. मध्ये एका गावानं पावसाळ्याआधी ओढ्यावर पायपूल मागितला, त्यांना उत्तर गेलं पुढच्या उन्हाळ्यात. तोवर पोरं पोहायला शिकली होती. जेवताना आम्ही या गोष्टीवर पोट धरून हसलो होतो. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

संसदेत जागा वाढवायच्या की नाहीत यावर महिनाभर वाद चालला होता, दुसऱ्या दिवशी मतदान होतं. आमच्या घरचा निकाल आधीच लागलेला: आहेत तेच काय दिवे लावतात, आणखी कशाला? यांनी असं म्हणायचं आणि मीही मान डोलवायची. पदवीधर बाई, पण एकवीस लाखांना पाच लाखांनी भागायचं मला कधी सुचलं नाही.

"तूही चल," वन्सं मला म्हणाल्या. "गोण्या ओढायला हात लागतील."

त्यांची खोली मी पहिल्यांदाच पाहिली. बिनखिडकीची. भिंतीला लावून बारा गोण्या, एकीवर एक. आम्ही तिघींनी वरच्या चार उतरवल्या तेव्हा तिचं पत्र सापडलं. पाकीट फोडलेलं, क्रमांक घातलेला, वाचलेलं कुणीच नाही. ती बाई त्यावरच्या स्वतःच्या अक्षराकडे बघत राहिली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

जिन्यात वन्सं थांबल्या. "मला वाटायचं मी न्याय करतेय," त्या म्हणाल्या. "मी नुसती रांग सांभाळत होते गं."

साहेब विमानाच्या घाईत होते. माणूस वाईट नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. सकाळपासून चाळीस जणांना भेटून त्यांचे डोळे लाल झाले होते. दारात आणखी साठ उभे होते. मला चीड आली ती याचीच. एका माणसाच्या दोन कानांत एकवीस लाख माणसं कोंबायची, आणि ऐकू आलं नाही की बोल त्यालाच लावायचा, किंवा त्या बाईच्या नशिबाला. ही सोय कुणाची?

वन्संना पाहून ते हसले. "बोला ताई, तुमचं काय मत? उद्या हात वर करू का? खर्च वाढेल, खुर्च्या ठेवायला जागा नाही, दुप्पट सभासद म्हणजे दुप्पट गोंगाट."

अठ्ठावीस वर्षांत वन्संनी त्यांच्यापुढे क्रम सोडून एकही कागद ठेवला नव्हता. त्या पुढे झाल्या.

"होऊ दे गोंगाट. इथं पाच लाख होती तेव्हा माणसांचं ऐकू यायचं, साहेब. आता येत नाही. तुम्हालाही नाही आणि मलाही नाही." त्यांनी त्या बाईला हाताला धरून पुढे घेतलं आणि पत्र टेबलावर उलगडून ठेवलं. "उद्याचं तुम्ही ठरवा. आत्ता खाली बसा आणि हे वाचा. दोनच पानं आहेत."