न दाबलेलं बटण

अकरा दिवस मी एका बटणावर अंगठा ठेवून बसत होतो आणि ते दाबत नव्हतो. घरात त्याची टिंगल चालली होती. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

झालं होतं असं. माझ्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. कुणी पाडलं नाही, कुणी लाथ घातली नाही. चेंडू वीस हात लांब असताना मी वळलो, पाय मातीत रुतला आणि गुडघा एकटाच तिथं राहिला. पंधरा वर्षं मी कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून डाव्या बगलेला खेळलो. पोटासाठी शाळेत खेळ शिकवतो. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, "चालाल, थोडं पळालसुद्धा. मॅच मात्र विसरायची." इतक्या साध्या आवाजात म्हणाले, की मी मान डोलावली आणि रिक्षात बसल्यावर मला रडू फुटलं.

तीन महिने घरी बसायचं होतं. पुण्याच्या मेहुणीनं तिचा टीव्हीला जोडायचा जुना गेमचा डबा पाठवून दिला. "दाजी पडून पडून सगळ्यांवर खेकसणार, त्यापेक्षा हे बरं," असं तिनं बायकोला सांगितलं होतं. तिचं बरोबर होतं. माझं तोपर्यंत दूधवाल्यावरही खेकसून झालं होतं.

पहिला गेम मी चार दिवसांत संपवला. त्यात एकच रस्ता होता. इकडंतिकडं जायला गेलं की भिंत लागायची. पण गोष्ट अशी पकडून ठेवायची की शेवटी त्यातला भाऊ मेला तेव्हा मी चहा गार होईपर्यंत नुसता बसून राहिलो. दुसरा गेम मोकळ्या जगाचा. डोंगर, नदी, पंचवीस-तीस गावं. कुठंही जा, कुणाचाही घोडा पळव, गवताची गंजी पेटव, परक्याच्या घरात शिरून भाकरी खा. पहिले दोन दिवस मी शाळेला सुट्टी लागल्यासारखा हुंदडलो. मग लक्षात आलं, इथंही एक भाऊ मरतो, पण बातमी कळल्यावर मी दोन तास मासे धरत बसलो तरी कुणाचं काही बिघडत नाही. मोकळीक होती, पण दुःख पातळ झालं होतं. म्हणून मी हट्टानं गोष्टीच्याच मागं लागलो.

गोष्ट अशी, की नदीच्या अलीकडं लाल झेंड्याची माणसं आणि पलीकडं काळ्या झेंड्याची. आपला गडी लाल. निम्म्यात त्याचा म्हातारा सरदार मरतो आणि सरदाराचा मुलगा ह्याला हाकलून देतो. पुलाच्या तोंडाशी काळ्यांचा सरदार भेटायला येतो, हातात काळी शाल. आणि पडद्यावर एकच बटण येतं: गुडघे टेकून शाल घे. ते दाबलं तरच पुढची गोष्ट. मागं फिरता येतं, आख्खं जग पालथं घालता येतं, पण गोष्ट त्या पुलाशी थांबलेली. गावं जाळायला परवानगी आणि 'नाही' म्हणायला बटणच नाही. ही कसली मोकळीक, असं म्हणून मी त्या गेमला चार शिव्या घातल्या.

मला ते बटण का दाबता येईना, हे पेठेत वाढलेल्याला सांगावं लागणार नाही. आमच्याकडं पोराचं बारसं व्हायच्या आधी त्याच्या अंगावर तालमीची जर्सी चढते. बाविसाव्या वर्षी मला पलीकडच्या पेठेच्या संघानं बोलावलं होतं. मी गेलो नाही. "ह्यानं रंग बदलला न्हाय," ही गोष्ट अजून आमच्या गल्लीत चहाबरोबर सांगतात. मला ती ऐकायला आवडते, खोटं कशाला बोलू.

आणि नेमकं त्याच आठवड्यात पलीकडच्या पेठेतून एक बाई माझ्या घरी आल्या. तिथल्या शाळेत खेळ शिकवतात. भिंतीवर काच लावून टांगलेल्या माझ्या जर्सीच्या बरोबर समोर बसल्या आणि सरळ बोलल्या, "सर, बावीस पोरी हायत माझ्याकडं. पळत्यात चांगल्या. पण डाव्या पायानं बगलेवरनं गोलापुढं क्रॉस कसा टाकायचा, ते मला येत न्हाय. तुम्ही या शिकवायला."

"बघतो," मी म्हणालो. कोल्हापुरात 'बघतो' म्हणजे नाही.

बाईंना ते कळलं. चहा संपवून उठल्या. "सोमवारपर्यंत बघा. मग मी दुसरं कुणीतरी बघते."

त्या गेल्यावर मला राग आला, आणि तो त्यांचा नव्हता. दोन वर्षं मी आमच्या तालमीत मुलींचा संघ काढा म्हणून डोकं फोडत होतो. आमच्या गल्लीतच एक मुलगी होती, आठवीतली. पिठाच्या गिरणीच्या बंद शटरवर चेंडू मारत बसायची. धाड, धाड, धाड. डावा पाय असा, की बघत राहावं. तिच्यासाठी मी तात्यांकडं किती वेळा गेलो. तात्या म्हणजे आमच्या तालमीतले सगळ्यात वडीलधारे. त्यांनी मला खांद्यावर बसवून पहिली मॅच दाखवली होती. ते म्हणायचे, "पोरींचं काय फुटबॉल? बघू फुडच्या वर्षी." आता बिछान्यात पडल्यापडल्या माझ्या लक्षात आलं होतं, की शटरचा आवाज संध्याकाळचा येतच नाही. तिची आई म्हणाली, ट्यूशनला जाते.

मला शिकवायचं होतं. खेळणं संपल्यावर एवढं एकच माझ्याकडं उरलं होतं, आणि ते सुकून जाईल अशी मला भीती वाटत होती. पण पलीकडं जाऊन? ते मला जमणार नव्हतं. म्हणून मी गेमसमोर बसून राहिलो.

माझी बायको शाहूपुरीत एका छापखान्याच्या ऑफिसात काम करते. सहाला घरी येते आणि अर्धा तास तीही खेळते. तिचा गडी वेगळा, तिची पद्धत वेगळी. तिनं आजवर एकही लढाई केलेली नाही. माहेर कुरुंदवाडचं, नदीकाठचं. तिला त्या गेममध्ये पाणी दिसलं की ती तिकडंच जाते. मी घोडा कुठंही सोडतो, तर ती ओरडते, "उन्हात कशाला सोडताय जनावराला?" आणि सावलीतल्या खांबाला नेऊन बांधते. त्या घोड्याला ऊन लागत नाही, हे तिला शंभरदा सांगून झालंय.

अकराव्या दिवशी ती पर्स ठेवता ठेवता म्हणाली, "अजून तिथंच? दाबा की एकदा, न्हायतर मी दाबते."

"हात लावू नकोस. तुला काय कळणार? तू गोष्टीकडं कधी गेलीसच नाहीस."

"गोष्टीकडं न्हाय गेले. पण पलीकडं कवाच गेलते."

"पलीकडं? शाल न घेता?"

"शाल कशाला? पुलावर दार हाय व्हय? चालत गेले. लाल पट्टा कमरंला तसाच हुता. शिपाई नुस्ते बघत राहिले. एका म्हातारीनं भाकरी दिली."

माझा विश्वास बसेना. कंट्रोलर घेतला, सरदारासमोरून मागं फिरलो आणि बाजूनं पुलावर पाऊल टाकलं. कुणी अडवलं नाही. एक शिपाई खेकसला, बास. पलीकडं घरं होती, कोंबड्या होत्या, अंगणात पोरं गवताचा चेंडू लाथाडत होती. गोष्ट एक पाऊलही पुढं सरकली नाही, बक्षीस नाही, काही नाही. सगळं जग मोकळं सोडलेलं असताना, पहिल्या दिवसापासून, तो पूल मी एकदाही ओलांडून बघितला नव्हता. काळा झेंडा दिसला की आपण तिकडं जायचं नसतं, हे मी घरनं घेऊन गेलो होतो. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी बायकोकडं बघितलंच नाही. मग त्या बाईंना फोन लावला.

"येतो. पण तुमची जर्सी घालणार न्हाय."

"नका घालू," त्या म्हणाल्या. "शिट्टी घाला की गळ्यात."

दुसऱ्या दिवशी तात्या घरी आले. कोल्हापुरात बातमीला पाय नसतात, पंख असतात. उभ्या उभ्याच म्हणाले, "पेठंचं नाक कापलंस. तालमीतला तुझा फोटो उतरवतो आम्ही."

त्या फोटोत मी चषक डोक्यावर धरलाय आणि माझ्या मागं तात्या हसतायत. पण माझा आवाज हलला नाही. "उतरवा, तात्या. मी पेठेचाच हाय, फोटो असू दे न्हायतर नसू दे. पण सोमवारी मी जाणार."

सोमवारी काठी टेकत गेलो. मैदानाच्या फाटकावर एक माणूस बसला होता. स्टँडमधून पंधरा वर्षं मला आईबहिणीवरून ओरडणारा आवाज ह्याचाच. मला ओळखून तो उठला. "या पावणं," म्हणाला. "तुमच्या त्या फायनलच्या गोलानं आठ दिवस जेवलो न्हवतो मी. खुर्ची आणू काय?"

"नको. उभाच राहतो."

पोरी ओळीनं उभ्या होत्या. मी एकेकीच्या पायांकडं बघत निघालो, सवयच ती. बूट, बूट, फाटके बूट. शेवटून दुसरी, तिचा डावा बूट अंगठ्यापाशी झिजलेला. वर बघितलं. आमच्या गल्लीतली. गिरणीच्या शटरवाली. पाठीवर ट्यूशनचं दप्तर तसंच.

तिचा चेहरा पांढरा पडला. ओळ सोडून जवळ आली आणि हळू म्हणाली, "सर, घरी सांगू नका. तात्यास्नी तर अजिबात नको. आपल्याकडं पोरींना खेळाय देत न्हाईत म्हणून मी सहा महिने हितं येतेय, मागच्या बोळातनं."

सहा महिने. मी एका पुलापुढं अकरा दिवस बसलो होतो.

"सांगणार," मी म्हणालो. "तुझ्या बाला आज मीच सांगणार, आणि तात्यांना पण." तिचे डोळे भरले, तेव्हा काठी डाव्या हातात घेऊन मी उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला. "रडायचं न्हाय. उद्यापासनं माझ्याबरोबर यायचं. मोठ्या रस्त्यानं, तालमीसमोरनं."