चिपवरचा कुंकवाचा ठिपका

बीडमध्ये माझ्याविषयी ज्या खोट्या गोष्टी सांगितल्या जातात त्यांतली एक माझ्या फायद्याची आहे, आणि तीच मला सर्वाधिक सलते. सांगतात असे, की सरांनी गिटारच्या पॅडलपेटीत नवी चिप बसवायला घेतली, त्यांच्या पत्नीने पूजेच्या नादात चिपवर कुंकू लावून घोटाळा केला आणि सरांनी शिताफीने ती वाचवली. मी बत्तीस वर्षे आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा ट्रेड शिकवला आहे. दोष कोठे आहे हे नीट न तपासता दुसऱ्याच भागावर ठपका ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला मी कधी पास केले नाही. स्वतःला कसा करू?

आमचा एक ऑर्केस्ट्रा आहे. त्यात मी गिटार वाजवतो, खुर्चीवर बसून. पूर्वी उभा राहून वाजवत असे. ऑर्केस्ट्राचा प्रमुख कीबोर्ड वाजवतो. तो माझाच जुना विद्यार्थी. माझ्या पायाशी आठ पॅडलांची एक लोखंडी पेटी असते. तिला फूट कंट्रोलर म्हणतात. तिच्या तारेतून आवाज जात नाही, ही गोष्ट मी किमान पन्नास जणांना समजावून सांगितली असेल. तारेतून जातात ते केवळ आकडे. मी पॅडल दाबले की पेटी पुढच्या यंत्राला आकडा सांगते आणि ते यंत्र गिटारचा आवाज बदलते: भावगीताला मऊ, लावणीला टोकदार. माझ्यापुढे अशी दोन यंत्रे आहेत आणि माझी पेटी जुनी, पुण्याच्या एका वादकाकडून आलेली. एका दाबात ती एकाच यंत्राला हुकूम देई. म्हणून मला पाय दोनदा उचलावा लागे. चाळिशीत हे जमले असते. अडुसष्टाव्या वर्षी, आष्टीच्या कार्यक्रमात, दुसरे पॅडल वेळेवर दाबले गेले नाही आणि गौळणीची सुरुवात अशा किंचाळणाऱ्या आवाजाने झाली की पहिल्या रांगेतल्या एका आजींनी पदराने कान झाकले.

परतीच्या गाडीत प्रमुख माझ्या शेजारी येऊन बसला. मग त्याने मान खाली घालून सांगितले, "सर, दसऱ्यानंतर माजलगावला कारखान्याचा बॉयलर पेटवायचा कार्यक्रम आहे. पहिल्या गाण्यात आवाज टायमावर बदलला तर खुर्ची तुमची. न्हाईतर रेकॉर्डची गिटार लॅपटॉपवरून सोडावी लागंल."

मी त्याला सोल्डरिंगची कांडी धरायला शिकवले होते. पण त्याचे म्हणणे चुकीचे होते असे मात्र मी आजही म्हणणार नाही.

दोष पायात होता तितकाच पेटीतही होता, असे मी मनाशी ठरवले आणि पेटी उघडली. आत एक अठ्ठावीस पायांची चिप होती. वर कागदी चिकटपट्टी. पट्टीचे टोक जरा उचलून भिंगातून पाहिले तर खाली काचेची गोल खिडकी, आणि खिडकीत नखाच्या चंद्रकोरीएवढा चौकोन, त्याला केसाहून बारीक सोनेरी तारा. कोणते पॅडल दाबले की कोणता आकडा पाठवायचा हे सारे त्या चौकोनात लिहिलेले. या लिखाणाला फर्मवेअर म्हणतात. उन्हाने ते हळूहळू पुसले जाते, म्हणून ती पट्टी. मी पट्टी पुन्हा दाबून बसवली; पण दोन दिवस माझ्या डोक्यात तो चौकोनच होता. इतकी वर्षे मी चिपा बदलल्या, पण आत डोकावून पाहिले होते ते क्वचितच.

अशा जुन्या यंत्रांसाठी सुधारित लिखाणाच्या चिपा भरून देणारे एक गृहस्थ बंगळूरला असतात. त्यांच्या चिपेने एका दाबात दोन्ही यंत्रांना हुकूम जातो. मी मागवल्यावर त्यांनी ती काळ्या फोममध्ये टोचून पाठवली, आणि ती पोहोचली नेमकी खंडेनवमीला.

आमच्याकडे त्या दिवशी हत्यारे पुजतात. आयटीआयमध्ये लेथपासून मीटरपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागे आणि दिवसभर कोणी स्विचला हात लावत नसे. निवृत्तीनंतर मी घरी तेच पाळतो. पाटावर सोल्डरिंगची कांडी, मीटर, गिटार आणि पेटी मांडली होती. पत्नी ताट घेऊन आली. मी फोममधली चिपही पुढे सरकवली.

तिने विचारले, "ह्या एवढुशा किड्याला कुठं लावू?"

"लाव कुठेही," मी म्हणालो.

हे दोन शब्द माझे आहेत. गावातल्या कुठल्याही हकिकतीत ते येत नाहीत. वरच्या कागदी चिकटपट्टीवरचे अक्षर झाकू नये म्हणून तिने चिपेच्या मोकळ्या टोकाला करंगळीने एक बारीक, नेटका ठिपका दिला. तिने कुंकू सांडले, असे म्हणणाऱ्याने तिचा हात पाहिलेला नाही.

दसऱ्याच्या दुपारी प्रमुख आपट्याची पाने द्यायला आला आणि बसून राहिला. मी पेचकसाने हलकेच उचलून जुनी चिप काढली. सोबतच्या कागदावर लिहिले होते की चिपेचे ठिपक्याचे टोक सॉकेटच्या, म्हणजे चिप बसते त्या बैठकीच्या, खाचेकडे ठेवावे. चिपेवर ठिपका दिसला. लाल, ठसठशीत. मी तो खाचेकडे केला, अठ्ठावीस पाय भोकांवर आणले आणि अंगठ्याने दाबले.

स्विच टाकला. पेटीवरचे आकडे उजळले नाहीत. एकही दिवा लागला नाही. मी चिपेवर तर्जनी टेकवली आणि झटकन उचलली. ती तव्यासारखी तापली होती. डाव्या हाताने स्विच बंद केला. एवढ्याला तीन सेकंद लागले असतील. प्रमुख कधीकधी असेही सांगतो की चूक त्याने ओळखली. तो त्या वेळी खिडकीपाशी फोनवर माजलगावच्या मंडपवाल्याशी बोलत होता. चूक ओळखली ती माझ्या बोटाने. बोट भाजले होते आणि लाल झाले होते. भाजल्याचा लाल नव्हे, कुंकवाचा. चिपेवरचा ठिपका अर्धा पुसला गेला होता. कारखान्याने केलेली खूण अशी बोटाला येत नाही.

भिंग आणले. खरी खूण दुसऱ्या टोकाला होती, चिकटपट्टीच्या कडेखाली अर्धी लपलेली, सुईने टोचल्यासारखी खळगी. म्हणजे चिप उलटी बसली होती आणि वीज तिच्यात उलट्या बाजूने शिरली होती.

कुंकू पुसले, चिप फिरवली, परत दाबली. स्विच टाकण्याआधी मी किती वेळ थांबलो ते मला सांगता येणार नाही. प्रमुखाचा फोन संपला होता आणि तो पेटीपाशी येऊन उभा होता. स्विच टाकला. आकडे उजळले.

ती कशी वाचली, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. माझा तर्क असा, की उलट्या चिपेने वीज इतकी ओढली की पेटीतल्या वीज आवरणाऱ्या रेग्युलेटरनेच हात आखडता घेतला आणि ती पुरती जळण्याइतकी वीज तिला मिळालीच नाही. हे सिद्ध करायला आणखी एक चिप मुद्दाम उलटी बसवावी लागेल. मोह होतो.

माजलगावला साउंड चेकच्या वेळी बाकीच्या वादकांनी विचारले की सरांची पेटी चालणार का. प्रमुखाने हसत सांगितले, काकूंनी चिपेला कुंकू फासले होते, सरांनी वाचवली. सगळे हसले. तो माझी खुर्ची सांभाळत होता हे मला समजले. सरांना खूण दिसली नाही असे कळले असते तर खुर्चीचा निकाल तिथेच लागला असता. गप्प बसणे सोपे होते. मी गिटार मांडीवरून उतरवली आणि सांगितले, "चिप मी उलटी बसवली. तिने विचारून लावलं होतं. मी भिंग घेतलं नव्हतं."

ढोलकीवाला, जो सुरू न होणाऱ्या गाडीवर चिडावे तसा सगळ्यांवर चिडतो, म्हणाला, "मंग आज बी चुकलं तर, सर?"

"तर खुर्ची उचला," मी म्हणालो.

पहिलेच गाणे गौळण होते. मुखडा संपला, दोन मात्रांची जागा आली. मी पाय एकदाच उचलला, एकदाच टेकवला. दोन्ही यंत्रे एकाच क्षणी बदलली आणि गिटार मऊ झाली. प्रमुखाने माझ्याकडे पाहिले नाही. त्याने लॅपटॉपचे झाकण कोपराने मिटले. खुर्ची आजही माझी आहे. पण तो अजूनही गावोगाव कुंकवाचीच हकीकत सांगतो, कारण तिला हशा मिळतो. म्हणून हे लिहिले.

यंदाच्या खंडेनवमीला पत्नी सगळ्या हत्यारांना कुंकू लावून पेटीपाशी थांबली. "ह्याला तुमीच लावा," ती म्हणाली, "पुन्यांदा माझं नाव नको."

मी पेटीचे झाकण काढले, चिपेवरच्या कागदाची कड जराशी उचलली आणि तिच्या हाती भिंग दिले. ती वाकून पुष्कळ वेळ पाहत राहिली. मग खळगी तिला सापडली. "हे व्हय," ती म्हणाली, "एवढं तर मलाबी दिसतंय."

मी कड दाबून झाकण बसवले. त्यावर, खळगीच्या बरोबर वर, तिने ठिपका दिला. ज्याला शंका असेल त्याने घरी येऊन पाहावे.